घरगुती विद्युत उपकरणे : बिघाड, दुरुस्ती आणि सुरक्षितता

कर्जत-मुरबाड मार्गावरील कशेळे हे गाव रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील अनेक आदिवासी वाड्यांचे बाजाराचे ठिकाण आहे. खांडसमार्गे भीमाशंकरच्या पायथ्याकडे जाणाऱ्यांना कशेळ्यावरूनच पुढे जावे लागते. विजेच्या इतिहासात या परिसराचे स्थान मानाचे आहे. शेजारच्या खालापूर तालुक्यातील खोपोली येथे १९१५ साली आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे १९२२ साली टाटांची जलविद्युत केंद्रे सुरू झाली. सह्याद्रीच्या पाण्यावर निर्माण झालेली ही वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. डोंगरातील वाड्यांना मात्र तिची दीर्घकाळ वाट पाहावी लागली. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली. पुढे २००५ ची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आणि २०१७ ची सौभाग्य योजना यांमुळे दूरच्या घरांतही जोडणी देण्याच्या कार्याला गती मिळाली.

घरात दिवा आला की त्यामागोमाग पंखा, दूरदर्शन संच, इस्त्री, मिक्सर, पाणी तापविण्याचा रॉड आणि फ्रिजही येतो. उपकरणे आली त्या वेगाने त्यांच्या निगेचे ज्ञान मात्र आलेले नाही. त्यामुळे दोन प्रकारची हानी होते. थोड्या खर्चात दुरुस्त होणारे उपकरण टाकून दिले जाते, ही एक. आणि सदोष उपकरण तसेच वापरले गेल्याने जीव धोक्यात येतो, ही दुसरी व अधिक गंभीर. सबब, नेहमीचे बिघाड कोणते, कुशल कारागीर ते कसे शोधतो आणि दुरुस्तीनंतर कोणती खात्री करून घेतो, याची माहिती शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

शोधाचा क्रम

उपकरण बंद पडले म्हणजे ते उपकरणच बिघडले असे नसते. जाणता कारागीर प्रथम सॉकेटमध्ये वीज येते किंवा नाही हे पाहतो. त्यानंतर पिन, वायर आणि स्विच तपासतो. उपकरण सर्वांत शेवटी उघडतो. पुष्कळशा तक्रारी या पहिल्या टप्प्यांतच निकाली निघतात. पिनेमध्ये सैल झालेला स्क्रू, वारंवार वाकून आतल्या आत तुटलेली वायर, जळून काळा पडलेला सॉकेट ही नित्याची कारणे होत.

टेस्टरचा दिवा लागला म्हणजे पुरवठा ठीक आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तथापि टेस्टर केवळ फेज असल्याचे सांगतो. न्यूट्रल तुटलेला असला तरीही तो लागतो. म्हणून कारागीर दोन तारांमध्ये टेस्ट लॅम्प लावून पाहतो किंवा मल्टिमीटरने दाब मोजतो. घरगुती पुरवठ्याचा प्रमाणित दाब २३० व्होल्ट असतो. लांबच्या वाहिनीच्या शेवटच्या टोकाला तो बराच खाली येऊ शकतो. अशा वेळी पंखा मंद फिरतो आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. त्यात दोष उपकरणाचा नसून पुरवठ्याचा असतो.

पंखा

पंखा मंद सुरू होणे, किंवा नुसता गुणगुणणे आणि पात्याला हाताने गती दिल्यावरच फिरणे, ही कंडेन्सर क्षीण झाल्याची ठळक खूण आहे. छताच्या पंख्याच्या मोटारीत मुख्य आणि साहाय्यक अशी दोन वाइंडिंग असतात. साहाय्यक वाइंडिंगच्या मार्गात जोडलेला कंडेन्सर त्यातील प्रवाहाला मुख्य प्रवाहापासून पुढेमागे करतो आणि त्यामुळे फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. सामान्यतः २.५ मायक्रोफॅरड क्षमतेचा हा भाग अल्प किमतीत मिळतो. नवा कंडेन्सर तेवढ्याच क्षमतेचा असला पाहिजे. जुना काढण्यापूर्वी पुरवठा बंद करून त्यात साठलेला भार मोकळा करणे आवश्यक असते. अन्यथा बंद पंख्याचाही झटका बसतो.

खरखर आवाज येत असल्यास बेअरिंग बदलावे लागते. जळका वास येऊन पंखा थांबला तर वाइंडिंग जळालेले असते. ते पुन्हा भरता येते; परंतु वेढ्यांची संख्या किंवा तारेची जाडी चुकल्यास पंखा अधिक तापतो आणि वीजही अधिक खातो. जुना पंखा साधारणपणे ७५ वॅट, तर नव्या बीएलडीसी पद्धतीचा पंखा ३० वॅटच्या आसपास वीज घेतो. दिवसाला दहा तासांच्या वापरात हा फरक सुमारे अर्ध्या युनिटाचा होतो. म्हणून जुन्या पंख्याचे वाइंडिंग भरून घ्यावे की नवा पंखा घ्यावा, याचा विचार वीजबिल समोर ठेवून केलेला बरा. पंखा पुन्हा टांगताना वरचा हूक, रबरी बुश व स्प्लिट पिन पाहिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

इस्त्री आणि पाण्याचा रॉड

ही दोन्ही उपकरणे निक्रोमच्या तारेतून प्रवाह नेऊन उष्णता निर्माण करतात. १००० वॅटची इस्त्री ४ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेते. ती तापेनाशी झाली की कारागीर प्रथम वायर जेथे मुठीत शिरते ती जागा पाहतो. तेथेच ती बहुधा तुटते. त्यानंतर एलिमेंटचा रोध मोजला जातो. अशा इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम भरतो; मीटर काहीच दाखवीत नसेल तर एलिमेंट तुटलेले असते. इस्त्री तापतच राहून कपडे जाळीत असेल, तर थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटलेले असण्याचा संभव असतो.

रॉड दिसण्यास साधा, पण घरातील सर्वांत धोकादायक उपकरणांपैकी एक आहे. त्याच्या धातूच्या नळीत एलिमेंटभोवती विद्युतरोधक भुकटी ठासून भरलेली असते. नळीला चीर पडली किंवा तोंडाशी ओल शिरली की बादलीतील पाण्यातच वीज उतरते. पाणी मात्र नेहमीप्रमाणे तापत राहते, म्हणून दोष ध्यानात येत नाही. चीर पडलेल्या रॉडची दुरुस्ती होत नाही. तो मोडीत काढणे हाच उपाय होय. चांगल्या रॉडच्या बाबतीतही स्विच बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये, आणि पाण्याबाहेर रॉड सुरू करू नये.

मिक्सर

मिक्सरच्या मोटारीत दोन कार्बन फिरत्या भागावर घासत असतात. ते झिजले की ठिणग्या उडू लागतात, मोटार अडखळते आणि अखेरीस थांबते. कार्बनची जोडी बदलणे हे सोपे काम आहे. मात्र त्याच वेळी ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर ते घासतात त्या स्वच्छ करणे जरूर असते. भांड्यात जिन्नस दाटून मोटारीवर ताण पडल्यास खालचे बटण आपोआप उडते. भांडे थोडे रिकामे करून, मोटार निवल्यावर ते बटण आत दाबले की मिक्सर पूर्ववत चालतो. हे ठाऊक नसल्याने अनेक मिक्सर विनाकारण दुरुस्तीला येतात. बुशातून गळणारे पाणी मोटारीत उतरणे हे मोटार जळण्याचे एक प्रमुख कारण आहे. गळके भांडे वेळीच दुरुस्त केल्यास मोटार वाचते.

दुरुस्तीतून नवनिर्मिती कशी होते याचे उदाहरण याच उपकरणाने घालून दिले आहे. मुंबईतील अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरातील परदेशी मिक्सर भारतीय स्वयंपाकातील वाटणाचा भार सोसू न शकल्याने बंद पडला. तो का बंद पडला याचा विचार करून त्यांनी १९६० च्या दशकात अधिक दमदार मोटारीचा 'सुमीत' मिक्सर तयार केला, आणि तो देशभर पोहोचला.

फ्रिज

वीज जाऊन लगेच परत आली असता कॉम्प्रेसरमधील वायूचा दाब दोन्ही बाजूंना समान झालेला नसतो. मोटार त्या दाबाविरुद्ध अडते, अधिक प्रवाह घेते आणि संरक्षक यंत्रणा 'टक' असा आवाज करून तिला बंद करते. यासाठी वीज आल्यावर तीन ते पाच मिनिटे थांबून फ्रिज सुरू करावा. कॉम्प्रेसर मुळीच चालत नसल्यास कारागीर आधी दाब, मग थर्मोस्टॅट आणि रिले तपासतो. कॉम्प्रेसर बदलण्याचा निर्णय त्यानंतर घेतला जातो. फ्रिज अखंड चालूनही थंडावा येत नसेल तर दाराचे रबर सैल पडले आहे का, हे पाहावे.

गॅस भरणे हे प्रशिक्षित कारागिराचेच काम होय. ओझोन थराला हानी पोहोचविणारे जुने वायू १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्रमाने वापरातून गेले. आजच्या अनेक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन वापरला जातो. तो ज्वलनशील असल्याने नळी संपूर्ण मोकळी केल्याशिवाय व खोलीत वारा खेळता ठेवल्याशिवाय तेथे ज्योत लावणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण ठरते.

एकाच वेळी अनेक घरांत बिघाड

कधी कधी एकाच आळीतील अनेक घरांमधील दिवे एकदम प्रखर होतात, काही घरांतील मंदावतात आणि उपकरणे जळतात. दुरुस्तीच्या दुकानात एका दिवशी अशी अनेक उपकरणे आली, तर कारण घरात शोधू नये. वाहिनीचा न्यूट्रल तुटला अथवा सैल झाला की निरनिराळ्या फेजवरील घरे परस्परांशी जोडली जातात आणि कमी भार असलेल्या घराला २३० व्होल्टऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वारा आणि झाडांच्या फांद्या यांमुळे वाहिन्यांवर ताण येतो. अशी लक्षणे दिसताच प्रत्येकाने मेन स्विच बंद करावा आणि महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे. खांबावरील काम कोणत्याही ग्रामस्थाने किंवा खासगी कारागिराने हाती घेऊ नये.

अर्थिंग : दुरुस्तीची खरी कसोटी

उपकरण पुन्हा सुरू झाले म्हणजे दुरुस्ती संपली, असे नव्हे. त्याच्या धातूच्या भागात वीज उतरत नाही, याची खात्री झाल्यावरच ते मालकाच्या हाती द्यावयाचे असते. यासाठी कारागीर मेगरने तारा आणि बाह्य भाग यांमधील रोध मोजतो. तो किमान १० लक्ष ओहम, म्हणजे एक मेगओहम असावा, हा व्यवहारातील दंडक आहे. तसेच नव्या वायरमधील तपकिरी तार फेजला, निळी न्यूट्रलला आणि हिरवी-पिवळी अर्थला जोडली आहे, हे तो पुन्हा पाहतो. तीन पिनांची वायर काढून दोन पिनांची बसविणे ही काटकसर प्राणघातक ठरू शकते. तिसरी पिन जाड व लांब ठेवलेली असते ती अर्थ सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणूनच.

'फ्यूज आहे, मग भीती कशाची?' हा प्रश्नही नेहमी विचारला जातो. फ्यूज वायरिंगचे रक्षण करतो, माणसाचे नाही. साठ वॅटच्या जुन्या दिव्यातून सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. त्याच्या जेमतेम नवव्या हिश्श्याइतका प्रवाहही शरीरातून गेल्यास जिवावर बेतू शकते. पाच अँपिअरचा फ्यूज एवढ्या प्रवाहाने वितळत नाही. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार बांधली तर वायरिंगचेही संरक्षण उरत नाही. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पुरवठा तोडणारे ईएलसीबी अथवा आरसीसीबी हे साधन मात्र माणसासाठी असते. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

सुस्थितीतील अर्थिंग हा या साऱ्याचा पाया आहे. नळी पद्धतीच्या अर्थिंगमध्ये जस्तलेपित नळी सुमारे अडीच मीटर खोल पुरली जाते. पावसाळ्यात भिजलेली जमीन उत्तम वाहक असते. उन्हाळ्यात मुरमाड, खडकाळ जमीन कोरडी पडून अर्थिंग निकामी होऊ लागते. त्या काळात खड्ड्यात नियमाने पाणी ओतणे, हे घरातील कोणीही करू शकेल असे काम आहे.

गावपातळीवरील कार्य

कारागीर घडविण्याची व्यवस्था राज्यात आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून वीजतंत्री आणि तारतंत्री या व्यवसायांचे शिक्षण मिळते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने याहून एक पाऊल पुढे टाकले. गावातील प्रत्यक्ष कामातूनच विज्ञान शिकावे, या विचाराने तेथील अभ्यासक्रम आखण्यात आला आणि माध्यमिक शाळांनीही तो स्वीकारला. विद्यार्थी घरातील वायरिंग जोडतात व त्यातूनच ओहमचा नियम शिकतात. शिक्षकांनी एखादी नादुरुस्त इस्त्री वर्गात, वीजजोडणीविना, उघडून दाखविली तरी हा हेतू बराच साध्य होईल. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावरील संकेतस्थळ सुरू केल्याने दुरुस्तीचे महत्त्व राष्ट्रीय पातळीवरही मान्य झाले आहे.

ग्रामपंचायतींना करण्याजोगी कामे थोडी पण मोलाची आहेत. १ मेच्या ग्रामसभेत, म्हणजे पावसाळ्यापूर्वी, शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर आणि नळपाणी योजनेचे पंपघर यांच्या अर्थिंगची परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासणी करण्याचा ठराव घेता येईल. वाहिनीला टेकलेल्या फांद्या व सैल तारा यांची यादी करून महावितरणला देता येईल. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला स्पर्श न करता प्रथम मेन स्विच बंद करावा, ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे, ही सूचना पंचायतीच्या फलकावर कायम लावता येईल. अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलेले बादलीभर पाणी आणि जागच्या जागी असलेली तिसरी पिन यांना खर्च फारसा येत नाही. घरातील माणसाचे प्राण मात्र त्यांवर अवलंबून असतात.