एका जाळावर दोन कामे
गुऱ्हाळात काहिलीखाली चिपाड जळताना आपण पाहतोच. साखर कारखान्याचे जळणही तेच. पण तेथे एका जाळावर दोन कामे होतात. शंभर टन उसामागे सुमारे ३० टन चिपाड, म्हणजेच बगॅस, निघते. ते बॉयलरमध्ये जाळून उच्च दाबाची वाफ करतात. ही वाफ आधी टर्बाईन फिरविते व वीज देते. दाब उतरला तरी तिच्यात उष्णता पुष्कळ उरते; त्याच वाफेवर मग रस आटवितात. आमच्या मते कारखान्याचे खरे चातुर्य येथेच आहे. कोळशाच्या वीजकेंद्रात बहुधा निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते. तेथे आटवावयास रस कोठून असणार! बेळगाव-कोल्हापूरकडील अनेक कारखाने स्वतःची गरज भागवून उरलेली वीज विकतात. मात्र चिपाडाचा साठा संपला, की दुसरे जळण आणावे लागते, नाहीतर पुढील गळीत हंगामापर्यंत थांबावे लागते.