फासकीला डोळे नसतात

भाचेबुवा,

ठाण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन तू आजोळच्या घरात राहायला आलास, कलमांची निगा शिकतो आहेस, हे ऐकून मामाला किती बरं वाटलं ते कागदावर मावणार नाही. आळी कशी करायची, खत कधी घालायचं ते गडी शिकवतील. पण सड्यावर रात्री बार ऐकू आला, वहाळाच्या कडेला तार सापडली, शेजारून झाकलेला टोप आला, तर काय करायचं हे वाडीत कुणी तोंडाने सांगणार नाही. म्हणून मी सांगतो. सतराव्या वर्षापासून हाक्याला जाणारा माणूस होतो मी. यातली एकही चूक माझी करायची राहिलेली नाही, आणि म्हणूनच तू ती करावीस असं मला मुळीच वाटत नाही.

१. शिकार म्हणजे फक्त बंदुकीचा बार असं समजू नको — फासकी लावणं, विष टाकणं, करंट सोडणं, जनावर हाकून बाहेर काढणं, एवढंच काय पाखराची अंडी फोडणं, हे सगळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारच आहे. रात्रभर बसून रिकाम्या हाताने परत आलं तरी सुटका नाही, प्रयत्नही त्यातच धरलेला आहे.

२. ‘रानातलं आहे हां’ असं हळूच सांगून कुणी टोप पुढे केला, तर तो हात जोडून परत कर — मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे, आणि एकदा वाटा घेतलेल्या माणसाला पुढे कधी बोलता येत नाही. भांडू नको, ‘आमच्याकडे चालत नाही’ एवढं पुरतं. बार एकाचा, वाटे दहांचे, हेलपाटे घरादाराचे.

३. म्हातारी माणसं जुन्या पारधीच्या गोष्टी सांगतील त्या मन लावून ऐक — गाभण मादीवर नेम धरायचा नाही, पाण्यावर आलेल्याला मारायचं नाही, जखमी जनावर टाकून घरी यायचं नाही, देवराईत बंदूक न्यायची नाही, हे त्यांनी खरंच पाळलं. पण ते दाट रानाचे नियम होते; आता तेवढं रान नाही, तेवढी जनावरं नाहीत आणि कायद्याने मुभाही नाही.

४. माडीवरची बंदूक शेती संरक्षणाच्या परवान्याची आहे, शिकारीच्या नव्हे — पीक खाणाऱ्या डुकराबद्दलसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय बार टाकायचा नाही. नुकसान झालं की त्याच सकाळी फोटो काढ आणि पंचनाम्याला, भरपाईला अर्ज दे. चार दिवसांनी आलेल्याला सुकलेली रोपं दिसतात, खुरांचे ठसे दिसत नाहीत.

५. हाक्याला ‘नुसतं बघायला’ म्हणूनही जाऊ नको — पान हललं की बार टाकणारे हात तिथे असतात, आणि झुडपामागे डुक्कर आहे की आपलाच गडी हे काडतुसाला कळत नाही. माझ्या शेजारी बसलेल्याच्या पोटरीत छर्रे गेले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी दवाखान्यात ‘खुंटावर पडला’ म्हणून सांगितलं. आमच्या खोटेपणामुळे एक छर्रा आत राहिला आणि बिचाऱ्याचा पाय दोन महिने पिकत होता.

६. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं, तर कायदा तुला गुन्हेगार मानत नाही — पण तू तेव्हा शिकारीलाच गेला असशील तर ही सवलत नाही. मेलेलं जनावरही सरकारच्या मालकीचं असतं. ते किंवा त्याचा एखादा अवयव तुझ्या हाती आला तर ४८ तासांच्या आत कळवायचं.

आता तारेची गोष्ट. ही मी तुझ्या आईलाही पुरती सांगितलेली नाही.

काजूच्या बागेला वई आहे ना, तिच्या वहाळाकडच्या अंगाला जनावरांनी पाडलेलं भगदाड आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका सकाळी तिथे मला फासकी दिसली. स्कूटरच्या क्लचची तार, सरकता फास, दुसरं टोक आईनाच्या बुंध्याला तिहेरी पिळून बांधलेलं. तार जुनी होती पण टोकाला ग्रीस ताजं होतं. आदल्याच आठवड्यात माझ्या एका जिवलग मित्राने स्कूटरची तार बदलली होती, तेव्हा पाना धरायला मीच होतो. डुकरांनी त्याचं सुरण पार उकरून टाकलं होतं, हेही मला ठाऊक होतं. मी तार पाहिली, ओळखली आणि घरी येऊन चहा प्यायलो. आपल्या माणसाचं नाव कसं सांगायचं, एवढा एकच विचार डोक्यात. दुसऱ्या दिवशी त्या वाटेने गेलोच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या पहाटे आवाज आला. करवंदीची जाळी मुळासकट उपटलेली, भोवतीची जमीन खळ्यासारखी गोल खरवडलेली, आणि मधोमध बिबट्याची मादी. तार पोटाला, मागच्या पायांच्या पुढे रुतलेली. तार चावून चावून तिचा एक सुळा तुटला होता. मला बघून ती गुरगुरली नाही, नुसती मान खाली घालून श्वास घेत राहिली. वनखात्याची माणसं आली, पण तार आत फार गेली होती. दुपारी ती गेली. माझा मित्र वईपलीकडे उभा राहून रडला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला डुक्कर हवं होतं; पण फासकीला डोळे नसतात. पुढे त्याने वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा केल्या, त्यात एक म्हैस विकली. मी पहिल्या सकाळी फोन केला असता, तर त्याची फक्त एक जुनी तार गेली असती.

म्हणून यापुढचं नीट वाच, मला खरं सांगायचं आहे ते इथून पुढे आहे.

७. फासकी दिसली तर फासकी कळव, माणूस नको — तुला दिसली ती तार, बांधणारा नव्हे. तो शोधणं वनरक्षकाचं काम आहे. ‘अमक्या वहाळाच्या अमक्या वळणावर तार आहे’ एवढंच सांगायचं असतं हे मला तेव्हा कळलं असतं, तर मैत्री आणि इमान यात निवड करायची वेळच आली नसती.

८. कळवायचं ते त्याच दिवशी — आज बिबट्या मेला तर कायद्यात कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आहे, दंड २५ हजारांच्या खाली नाही. रिकाम्या तारेची खबर वेळेवर गेली, तर बिबट्या वाचतो आणि बहुतेक वेळा शेजारीही वाचतो.

९. रिकामी फासकी स्वतः काढून फेकू नको — पुरावा जातो, आणि लावणारा दहा पावलांवर दुसरी लावतो. फोटो काढ, जवळचं झाड, दगड, वाट लक्षात ठेव, आणि माणसं आली की आजूबाजूलाही बघायला सांग. तार एकटी क्वचितच असते.

१०. जनावर जिवंत अडकलं असेल तर लांब राहा, गर्दी लांब ठेव, मोबाईल खिशात ठेव — माणसांचा गलबला ऐकून ते जितकं झटापट करतं तितकी तार आत जाते, आणि तार तुटली तर समोर पहिला तू असतोस. बेशुद्ध करणारं पथक येईपर्यंत शांतता हेच औषध.

११. खांबावरून आकडा टाकून कुंपणात सोडलेला करंट दिसला, तर त्याच्या पलीकडे पाऊल टाकू नको, आधी वायरमनला कळव आणि मग वनखात्याला — ती तार गुरं, कुत्री आणि पहाटे पाणी लावायला गेलेला बापही ओळखत नाही. विदर्भात ‘जय’ नावाचा नामांकित वाघ होता. त्याचा बछडा श्रीनिवास, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, २०१७ साली नागभीडकडे डुकरांसाठी लावलेल्या अशाच तारेने गेला.

१२. रात्री बार ऐकलास तर बाहेर पडू नको, घड्याळ बघ — किती वाजता, किती बार, कुठल्या दिशेने, नंतर गाडी गेली का, कुत्री भुंकली का, हे वहीत लिही. अंधारात कपाळाला बॅटरी लावून फिरणाऱ्याच्या हातात भरलेली बंदूक असते, आणि तू पोलीस नव्हेस.

१३. फोनवर ‘शिकारी आहेत’ असं म्हणू नको, ‘चार माणसं, एक बंदूक, दोन कुत्री, साडेदहा वाजता’ असं म्हण — ऐकलेलं भुसा, पाहिलेलं दाणा. तुझा अंदाज चुकला तरी तुझ्या डोळ्यांनी पाहिलेलं चुकत नाही. आणि नाव गुप्त ठेवा, हे बोलायला सुरुवात करतानाच सांग.

१४. तारेची खबर त्याच दिवशी, पण बांधाचं भांडण चालू असेल त्या माणसाबद्दल कळवायच्या आधी एक रात्र झोप काढ आणि स्वतःला विचार, हे मी मित्राबद्दल कळवलं असतं का — उत्तर ‘हो’ आलं तर सकाळी उठल्या उठल्या कळव. रागाचा फोन वनखात्याला लागत नाही, भाऊबंदकीला लागतो. एकदा खोटा ठरलास की पुढच्या वेळी खऱ्या तारेलाही कुणी धावत येणार नाही.

१५. खांद्यावर जाळं नि कमरेला कोयता दिसला म्हणून कातकऱ्यावर किंवा पारध्यावर संशय घेऊ नको — पारध्यांना इंग्रजांच्या १८७१ सालापासूनच्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं, तो शिक्का कागदावरून १९५२ साली पुसला, लोकांच्या मनातून अजून पुसलेला नाही. वाशीम-अकोल्याकडच्या माळांवर तणमोर राखायच्या कामात फासेपारधीच पुढे आहेत. आपल्या गावात मी सगळ्यात जास्त बार ऐकले ते पक्क्या घरात राहणाऱ्यांचे. कुणी केलं ते बघ, कुणाचा कोण ते बघू नको.

१६. मेलेल्या जनावरासोबतचे फोटो ग्रुपवर आले तर पुढे पाठवू नको, आणि घाबरून पुसूनही टाकू नको — पाठवलास तर सावध होतात, पुसलास तर पुरावा जातो. जसाच्या तसा वनखात्याच्या माणसाला दाखव.

१७. ‘खवले मांजर कुठे दिसतं का, चांगले पैसे मिळतील’ असं विचारणारा परका माणूस चहाला थांबला, तर त्याला चहा पाज, गाडीचा नंबर लिहून घे आणि लगेच कळव — इथे वाट बघायची नाही, तो पोटासाठी नव्हे, बाजारासाठी आलेला असतो. त्या गरीब प्राण्याला पळता येत नाही, भ्यालं की अंगाचा गोळा करून बसतं आणि माणूस ते पिशवीत घालून नेतो. मादी वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू देते. ज्या खवल्यांना औषध म्हणून विकतात, ती तुझ्या-माझ्या नखांसारखीच नखं आहेत, आणि तुझ्या कलमांच्या मुळाशी येणारी वाळवी तो प्राणी फुकट खातो. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात लोकांनी खवले मांजराची पालखी नाचवली, हे ऐकलं तेव्हा मला आपल्या कोकणाचा फार अभिमान वाटला.

१८. पोरगा बेचकी घेऊन पाखरांमागे दिसला तर तक्रार करायची नाही, त्याला ओटीवर बोलवायचं आणि तुझी दुर्बीण डोळ्यांना लावायला द्यायची — सलीम अलींनीही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका बघून ते ती घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलर्ड साहेबांनी रागावण्याऐवजी कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, आणि देशाला पक्षीतज्ज्ञ मिळाला. तार, विष, करंट नि बंदूक यांना फोन, बेचकीला दुर्बीण.

१९. संध्याकाळी कुत्रा बांध, आणि बागेच्या वईवरून आठवड्यातून एकदा स्वतः पायी फिर — मालकाच्या पायाखालची वाट असेल तिथे सहसा कुणी तार लावत नाही. मी दोन दिवस त्या वाटेने गेलो नाही, ते आजही छातीत सलतं.

२०. वनरक्षक बदलून आला की पहिल्याच महिन्यात त्याला घरी जेवायला बोलव — ओळख असली की पहिला फोन करायला जीभ अडखळत नाही, आणि वाडीला कळतं की या घराची वनखात्याशी ओळख आहे.

शेवटचं एक काम आज रात्री जेवायच्या आधी कर. वनखात्याचा ‘हॅलो फॉरेस्ट’चा नंबर १९२६ आहे, फुकट लागतो, तो मोबाईलमध्ये घाल. मग माजघरातली लाकडी पेटी उघड. झाकणाच्या आतल्या बाजूला मी आपल्या बीटच्या वनरक्षकाचा नंबर पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. त्या मादीनंतर दर बदलीला जुना खोडून नवा लिहीत आलो, सात झाले. आता आठवा माणूस आला आहे म्हणतात. तो नंबर तू लिही.