गॅमा नाइफनंतर मेंदूच्या रक्तवाहिन्यांकडे लक्ष का ठेवायचे?



समस्थानिकांच्या धड्यात आपण मुलांना एक वाक्य सांगतो: कोबाल्ट-६० कर्करोगाच्या उपचारात वापरतात. पुढे काय होते ते मात्र सांगायचे राहून जाते. आज ते बघूया, कारण असा उपचार झालेला विद्यार्थी, पालक किंवा सहकारी आपल्याही शाळेत असू शकतो.

रेडिओसर्जरी म्हणजे काय?

नावात सर्जरी असली तरी यात डोके उघडत नाहीत. स्वीडनचे मेंदू शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी ही कल्पना १९५१ मध्ये मांडली. १९६८ मध्ये त्यांच्या गॅमा नाइफ यंत्रावर पहिला रुग्ण घेतला गेला. यंत्रात कोबाल्ट-६० चे सुमारे २०० छोटे स्रोत असतात. प्रत्येक किरण एकटा कमजोर असतो, पण सगळे एकाच बिंदूवर, म्हणजे गाठीवर, एकत्र येतात. अंधाऱ्या वर्गात दहा मुलांनी फळ्यावरच्या एकाच ठिपक्यावर टॉर्च मारले, तर ठिपका लख्ख दिसतो आणि बाकीचा फळा अंधुकच राहतो. तसेच हे. आजूबाजूचा मेंदू बराचसा वाचतो. बराचसा, पूर्ण नाही.

रक्तवाहिन्यांना काय होते?

रक्तवाहिनीच्या आत पेशींचे एक नाजूक अस्तर असते. किरणांनी ते दुखावते. मग भिंत हळूहळू जाड होते आणि आतली वाट अरुंद होते. बोअरच्या पाण्याने पाइपात क्षार साचतात ना, साधारण तसे. पाइप बाहेरून ठीक दिसतो, धार मात्र बारीक होत जाते.

गंमत म्हणजे हाच परिणाम एका आजारात औषध ठरतो. काहींच्या मेंदूत धमन्या आणि शिरा यांचा जन्मजात गुंता असतो. त्यावर किरण दिले की तो साधारण दोन-तीन वर्षांत बंद होतो. गाठीच्या उपचारात मात्र शेजारच्या चांगल्या रक्तवाहिनीला हे झाले तर त्रास होतो.

हे त्रास कोणते?

१. सूज : अस्तरातून द्रव झिरपतो आणि गाठीभोवती सूज येते. डोकेदुखी, उलटी किंवा फिट येऊ शकते.
२. पेशी मरणे : रक्तपुरवठा बिघडून काही भाग मरतो. हे बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत दिसते. एमआरआयमध्ये गाठच पुन्हा वाढल्यासारखे वाटू शकते. म्हणून एकच रिपोर्ट बघून घाबरू नका, तज्ज्ञांना पुढच्या तपासण्या करू द्या. यावर स्टेरॉइड किंवा बेव्हॅसिझुमॅब हे औषध देतात, क्वचित शस्त्रक्रिया करतात.
३. वाहिनी अरुंद होणे, फुगणे किंवा रक्तस्राव : हे कमी जणांना होते, पण काही वर्षांनीही होऊ शकते.

खरा धोका कुठे आहे?

बहुतेक रुग्ण उपचारानंतर लवकरच घरी येतात. टाके नाहीत, पट्टी नाही. वर्षभर बरे गेले की घरात कुणीतरी म्हणते, "आता कशाला एवढा खर्च? चांगला तर आहे!" आणि एमआरआयची तारीख चुकते. पण वाहिनीचे काम मुंगीच्या पावलांनी चालते. बरे वाटते आहे म्हणजे आत सगळे ठीक आहे, असे नसते. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या तारखा हा उपचाराचाच भाग समजा. मोठ्यांनी रक्तदाब व साखर ताब्यात ठेवावी आणि तंबाखू सोडावा.

शाळेत आणि घरी काय कराल?

• पालकांनो, उपचाराची तारीख आणि डॉक्टरांचा नंबर वर्गशिक्षकांना लिहून द्या. लपवू नका.
• गुरुजनहो, अक्षर अचानक बिघडले, चालताना तोल जाऊ लागला, सकाळी डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, तर "आळशीपणा करतो" म्हणण्याआधी घरी कळवा.
• चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर ती वेळ लिहून घ्या आणि लगेच १०८ ला फोन करा. काही रुग्णांना गुठळी विरघळवणारे औषध देता येते, पण ते साधारण साडेचार तासांच्या आतच.
• स्वतःहून ॲस्पिरिन देऊ नका. आत रक्तस्राव असेल तर तो वाढेल. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही.

हे वाचून उपचारालाच घाबरू नका. अनेकांचे डोके न उघडता गाठ आटोक्यात राहते, हे मोठेच काम आहे. किरण एका दिवसात देऊन होतात, लक्ष मात्र अनेक वर्षे ठेवायचे असते. पुढच्या वेळी कोबाल्ट-६० चे ते वाक्य शिकवताना मुलांना हेही सांगा.