खाली दुकान, वर घर: बांधकाम परवानगीचा उशीर आधीच हिशोबात कसा धरायचा?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण स्वतःच्या जागेत दुकान काढण्याबद्दल बोललो. त्यातला परवानगीचा भाग घाईत झाला, म्हणून तो इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आपल्याकडे ठरलेलं स्वप्न असतं. अमरावतीत साईनगरकडे नाहीतर अकोल्यात कौलखेडकडे एक प्लॉट घ्यायचा, खाली दुकान, वर घर. भाडं वाचतं, घरचे दुकानाला हातभार लावतात. स्वप्न चांगलंच आहे. पण आपण सिमेंट, लोहा, मिस्त्री यांचा हिशोब मांडतो आणि कागदाला लागणाऱ्या दिवसांचा मांडत नाही. बजेट फाटतं ते तिथे.

एक आपल्याच भागातलं उदाहरण

जून 2022 मध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण सलग 105 तास 33 मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. लोकांना ते पाच दिवस आठवतात. पण 720 माणसं, यंत्रं, माल, पाळ्या हे सगळं पहिल्या मिनिटाच्या आधीच जागेवर होतं. बांधकामाचंही तसंच आहे भाऊ. काम वेगात होतं ते तयारीमुळे, आणि आपली तयारी म्हणजे कागद.

उशिराची किंमत काढा

समजा तुम्ही आत्ता दुकानाचं भाडं 12,000 रुपये देता आणि घरभाडं 7,000. प्लॉटसाठी 10 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी घेतलंय, म्हणजे महिन्याचं व्याज साधारण 7,500. एकूण झाले 26,500 रुपये. काम सुरू होवो न होवो, हे दर महिन्याला जाणारच. चार महिने उशीर झाला तर 1,06,000 रुपये. एवढ्यात दुकानाचं फर्निचर होतं, नाहीतर दिवाळीचा माल भरता येतो.

आता वऱ्हाडातली खास गोष्ट बघा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया खोल घ्यावा लागतो, आणि भर पावसात खोदलेल्या खड्ड्यात पाणी साचून बाजू ढासळतात. म्हणून परवानगी एप्रिलऐवजी जूनमध्ये हातात आली, तर कागदावर उशीर दोन महिन्यांचा दिसतो, पण पाया सुरू होतो दसऱ्याच्या आसपास. दोनाचे सहा महिने होतात ते असे.

माझा साधा नियम: फाइल दसरा-दिवाळीत टाका, जानेवारीत पाया काढा, जूनच्या आत जोता पूर्ण करा.

फाइल कुठे अडते?

महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांसाठी 2 डिसेंबर 2020 ला एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. अमरावती आणि अकोला दोन्ही तिच्यात येतात. तिने लहान प्लॉटवाल्यांचं काम सोपं केलं. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायचं असेल तर परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत नकाशा आणि कागद सादर करून शुल्क भरायचं, ती पावती परवानगीसारखी चालते. 300 चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी द्यायची तरतूद आहे. पण खाली दुकान असेल तर तुमचं काम कोणत्या वर्गात बसतं, हे आर्किटेक्टकडून आधी लेखी घ्या. "होऊन जाईल" हे उत्तर घेऊ नका.

नियम सोपा झाला तरी फाइल अडतेच, आणि बहुतेक वेळा प्लॉटच्या कागदावर अडते. हे पाच मुद्दे तपासा:

1. हद्द कोणाची? 2016 मध्ये अकोला मनपाची हद्द वाढली आणि आजूबाजूची गावं शहरात आली. जुना कागद ग्रामपंचायतीचा आणि आजचं कार्यालय महापालिकेचं, असे प्लॉट बरेच आहेत.

2. जमीन अकृषक आहे का? जमीन महसूल संहितेत 2017 ला आलेल्या कलम 42-ब आणि 42-ड मुळे विकास आराखड्यातल्या आणि गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जमिनींची प्रक्रिया सोपी झाली. तरी रूपांतरण कर भरल्याचा पुरावा हातात ठेवा.

3. लेआऊट मंजूर आहे का? नसेल तर प्लॉट गुंठेवारीतला असू शकतो. त्यासाठी 2001 चा स्वतंत्र कायदा आहे आणि नियमितीकरण झाल्याशिवाय बांधकामाची फाइल पुढे सरकत नाही.

4. रस्ता किंवा आरक्षण जातं का? नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. समोरचा रस्ता रुंद होणार असेल तर तुमच्या दुकानाचा दर्शनी भागच जायचा.

5. मोजणी झाली का? सातबारा किंवा आखीव पत्रिकेतलं क्षेत्र, खरेदीखतातलं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र, तिन्ही जुळले पाहिजेत. भूमी अभिलेखची मोजणी आधी करा. तिलाही तारीख लागते.

हे पाचही मुद्दे इसार देण्याआधी तपासायचे. नंतर तपासलं तर फक्त वाईट बातमी कळते.

कायद्याचं घड्याळ समजून घ्या

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 45 प्रमाणे 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. हे वाचून बरेच जण खुश होतात. थांबा, त्यात दोन गोष्टी आहेत.

पहिली, कार्यालयाने त्रुटी काढली तर 60 दिवस तुम्ही उत्तर दिल्याच्या तारखेपासून मोजतात. तुम्ही त्रुटीचं पत्र महिनाभर टेबलावर ठेवलं, तर तो महिना तुमचा गेला, साहेबांचा नाही. दुसरी, अशी मानीव परवानगी नियमात बसणाऱ्या बांधकामालाच लागू होते. मार्जिन सोडलं नसेल तर ते अनधिकृतच.

म्हणून प्रत्येक त्रुटीचं उत्तर सात दिवसांत द्या आणि पोच घ्या. परवानगी नाकारली तर कलम 47 खाली 40 दिवसांत अपील करता येतं. सेवा वेळेत मिळत नसेल तर 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे, त्यात पहिलं आणि दुसरं अपील करता येतं आणि त्यावर आयोग आहे. भांडायला जायची गरज नाही, तारखा असलेला कागद पुरतो.

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. इंग्लंडमध्येही लहान कामाच्या अर्जाला 8 आठवड्यांची मुदत असते आणि तिथेही मुदती वाढवून घेतल्या जातात. उशीर जगभर आहे, तो हिशोबात धरणारा टिकतो.

प्लॉट परदेशातल्या भावाच्या नावावर असेल तर

हे आता घरोघरी आहे. भाऊ दुबईला किंवा लंडनला, प्लॉट त्याच्या नावावर, दुकान तुम्ही चालवणार. इथे एका सहीसाठी महिने जातात. त्याच्याकडून मुखत्यारपत्र आधीच करून घ्या. ते तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करता येतं, किंवा जो देश अपोस्टिल करारात आहे तिथे नोटरी आणि अपोस्टिल करून. कागद महाराष्ट्रात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरा. मुखत्यारपत्रात नकाशावर सही करणं, शुल्क भरणं, त्रुटीचं उत्तर देणं, भोगवटा घेणं, सगळं स्पष्ट लिहा. आणि लक्षात ठेवा, अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर शेती असेल तर त्याच्या नावाने व्यवहार करू नका.

आणि भावाशी दुकानाचा भाडेकरार करा. घरातला माणूस असला तरी करा. नातं जपायचं असेल तर कागद स्पष्ट पाहिजे.

"आधी बांधू, मग बघू" का नको?

परवानगीशिवाय बांधलं तर कलम 53 ची नोटीस येऊ शकते. महापालिकेत अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते, आणि ती दरवर्षी. बँक टप्प्याने पैसे देते आणि मंजूर नकाशा मागते. उद्या दुकानावर खेळतं भांडवल घ्यायचं म्हटलं तर तारण म्हणून ती इमारत कमजोर ठरते.

परवानगी मिळाल्यावरही तीन गोष्टी: बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्षाचं असतं, वेळेत मुदतवाढ घ्या. जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी करून घ्या. आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र घेतल्याशिवाय दुकानाचं उद्घाटन छापू नका.

गृहपाठ

एका पानावर तीन रकाने करा. पहिल्यात वरचे पाच मुद्दे, दुसऱ्यात कागद हातात आहे की नाही, तिसऱ्यात तो कोणत्या तारखेपर्यंत येईल. खाली तुमचा महिन्याचा उशीर-खर्च लिहा आणि त्याला चारने गुणा. तेवढी रक्कम बाजूला नसेल, तर भाड्याचं दुकान आणखी एक वर्ष चालवा. त्यात कमीपणा काहीच नाही. धंदा चालू आहे, तोवर घरही होईल.