पहिली गाडी दहा हजारांची, दुसरी साडेचार हजारांची

स्केल मॉडेल गाड्या जोडून रंगवायचा छंद आज सुरू करायचा म्हटला, तर पहिल्या गाडीला सुमारे दहा हजार रुपये लागतात आणि दुसरीला साडेचार हजार. हे आधी ठाऊक असलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडायचा, ते नीट ठरवता येतं. दुकानात मात्र आकडा दिसतो तो फक्त किटचा, तीन हजारांच्या आसपासचा. खोकं घरी आणून उघडल्यावर आत प्लॅस्टिकचे सुटे भाग सापडतात, टायर सापडतात, पाण्यात भिजवून लावायची डिकॅल आणि जोडणीची पुस्तिका असते. चिकटवायला काही नसतं, रंगाचा थेंब नसतो आणि भाग कापायला साधा कटरही नसतो.

इथे दिलेले भाव किरकोळ विक्रीचे आणि अंदाजे आहेत. माल बहुतेक आयातीचा, त्यामुळे रुपयाच्या दराबरोबर ते वरखाली होतात. दोन-तीन दुकानांत विचारून मगच खरेदी करा.

किट कोणतं आणि इतकं महाग का

गाड्यांच्या किटमध्ये सर्वांत जास्त चालणारं माप १/२४ आहे. चार मीटरची गाडी या मापात साधारण १७ सेंटिमीटरची होते. रंगवताना हातात नीट मावते आणि कपाटाच्या फळीवर चार-पाच आरामात बसतात. अमेरिकी कंपन्यांची बरीच किट १/२५ मापात असतात. शेजारी ठेवल्यावर फरक फारसा जाणवत नाही. फॉर्म्युला वनच्या गाड्या १/२० मध्ये मिळतात. १/१२ ची किट दिसतात देखणी, पण किंमत आणि कष्ट दोन्ही कितीतरी पटीनं वाढतात. पहिल्याच फटक्यात त्यांच्या वाटेला जाऊ नये.

जपानमधलं शिझुओका हे या उद्योगाचं माहेरघर. तामिया, फुजिमी, आओशिमा या कंपन्या तिथल्याच. जर्मनीची रेवेलही आपल्याकडे मिळते. पहिल्या गाडीसाठी माझी शिफारस तामियाची. भाग एकमेकांत इतके चपखल बसतात की नवख्या माणसाला पुटी भरत बसावं लागत नाही, आणि पुस्तिका चित्रांवरूनच समजते. त्यातही १९६६ ची फोक्सवॅगन बीटल घ्या. एकरंगी गाडी, सगळीकडे गोलाई, धारदार कडा कमी. पॉलिश करताना रंग आधी कडांवरून निघतो, म्हणून कडा कमी असलेली बॉडी नवख्याला झेपते. खिडक्यांभोवतीची रबरं काळी रंगवायला वेळ लागतो, पण तेवढा संयम या छंदात कुठे ना कुठे द्यावाच लागतो. अशी किट आपल्याकडे अडीच ते पाच हजारांत पडतात.

भाव चढण्यामागे सरकारी धोरणही आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. सीमाशुल्काच्या वर्गवारीत स्केल मॉडेल खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात, म्हणजे मोठ्या माणसाच्या छंदाला बाहुल्यांचाच नियम लागतो. शिवाय हे शुल्क नुसत्या किटच्या किमतीवर नसतं, वाहतूक आणि विमा मिळवून होणाऱ्या रकमेवर असतं. परदेशी दुकानातून थेट मागवणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो. तिकडे स्वस्त दिसणारं किट घरपोच होईपर्यंत इथल्या भावाला येऊन टेकतं, कधी त्याच्याही पुढे जातं. मागवायचंच असेल तर शुल्क किमतीत धरलंय की दारात द्यावं लागेल, हे विक्रेत्याला लेखी विचारा. स्प्रेचे कॅन तर परदेशातून मागवायच्या भानगडीत पडूच नका. आत ज्वलनशील वायू दाबानं भरलेला असतो आणि टपालाच्या विमानात त्यांना मनाई आहे.

जुनी किटही विकायला येतात आणि कधी कधी फार चांगल्या भावात मिळतात. घेण्याआधी खोकं उघडून दाखवायला सांगा. दोन गोष्टी नीट बघा. काही जुन्या किटमधले मऊ टायर वर्षानुवर्षं काचेच्या भागांना टेकून राहिले की प्लॅस्टिक खातात आणि तो डाग जात नाही. डिकॅल पिवळी पडली असतील तर हरकत नाही, खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस ऊन दाखवलं की पिवळेपणा बराच उतरतो. टायरनं खाल्लेली काच मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका.

अवजारं: इथे पैसे वाचतात

छंदाच्या दुकानातला खास निपर अडीच हजारांपर्यंत जातो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे वायर कापायचा छोटा कटर अडीचशेत मिळतो. पहिल्या पाच-सहा गाड्या त्याच्यावर निभतात. सांगाड्यातून भाग तोडताना थोडा लांबून कापा आणि उरलेला खुंट ब्लेडनं हळूहळू तासा, म्हणजे स्वस्त कटरचे पांढरे व्रण भागावर उमटत नाहीत. पेनासारखा चाकू आणि ब्लेड दीडशे. ४०० ते २००० नंबरचे वॉटर पेपर हार्डवेअरच्या दुकानातून शंभर रुपयांचे पुरतात. ते पाण्यात बुडवूनच वापरा, घासल्याची धूळ उडत नाही.

चिकटवण्याच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. प्लॅस्टिक सिमेंट साधारण पाचशेला पडतं, पण बाटली अनेक गाड्यांना पुरते. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. फेविक्विक तसं करत नाही, आणि त्याच्या वाफेनं काचेवर धुकं चढतं. काचेच्या भागांना घरातलं पांढरं फेविकॉल उत्तम. वाळल्यावर पारदर्शक होतं आणि जास्त झालेलं ओल्या कापडानं पुसता येतं.

मास्किंग टेप अडीचशेचा, मॉडेलसाठीचाच घ्या. हार्डवेअरमधल्या जाड टेपच्या कडेखालून रंग झिरपतो आणि सरळ रेघ येत नाही. दोन बारीक ब्रश मिळून अडीचशे. आतल्या भागांसाठी अॅक्रिलिकच्या चार छोट्या बाटल्या, दोन प्रकारचा काळा, रुपेरी आणि मागच्या दिव्यांसाठी पारदर्शक लाल, मिळून नऊशेच्या आत. तामियाचं अॅक्रिलिक पातळ करायला केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. दोनशेची बाटली बरेच दिवस पुरते. रंगकामाच्या दुकानातलं एनसी थिनर मॉडेलजवळ आणू नका, ते प्लॅस्टिक विरघळवतं. ब्रश धुवायला ठीक आहे.

रंग: खर्च इथे आहे आणि शोभाही इथेच

गाडीचं मॉडेल उभं राहतं किंवा पडतं ते बॉडीच्या रंगावर. विमान किंवा रणगाडा मळका, ओरखडे पडलेला चालतो, शोभतोही. गाडी शोरूममधून आल्यासारखीच लागते. म्हणून प्रायमर, रंग आणि वरचा चकाकीचा क्लिअर हे तिन्ही हात द्यावेच लागतात. रंग आणि क्लिअरसाठी तामियाचे टीएस मालिकेतले १०० मिलिलिटरचे कॅन चांगले. पीएस मालिका रिमोटच्या गाड्यांच्या वेगळ्या प्लॅस्टिकसाठी असते. कॅन सारखेच दिसतात, अक्षरं वाचून घ्या. एक कॅन साधारण आठशेला, तीन कॅन चोवीसशेला. एका कॅनमध्ये दोन बॉडी निघतात, म्हणजे प्रत्यक्षात गाडीमागे बाराशे.

हार्डवेअरच्या दुकानात स्प्रेचा मोठा कॅन अडीचशे-तीनशेत मिळतो आणि मोह होतो. त्याचा फवारा जाड असतो, दारांच्या फटींच्या बारीक रेषा बुजतात, आणि त्यातला तीव्र द्रावक कोऱ्या प्लॅस्टिकवर सुरकुत्या पाडू शकतो. चांगल्या प्रायमरवर पातळ थर देऊन तो वापरणारे आहेत. तुम्हाला वापरायचाच असेल तर आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून बघा. खरं तर कोणताही नवा रंग आधी चमच्यावरच मारावा. दहा रुपयांच्या चमच्यांनी तीन हजारांची बॉडी वाचते.

हवामानाचा खर्चही धरा. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात हवेतल्या दमटपणानं लॅकर रंग वाळताना त्यावर पांढरट झाक येते आणि कॅन वाया जातो. उलट विदर्भात मे महिन्याच्या दुपारी रंग बॉडीवर पोचायच्या आत वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तिथे पहाटे फवारा. भर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कॅन ठेवू नका, फुटू शकतो. फवारल्यावर बॉडीवर लगेच मोठा डबा उपडा घाला, धूळ बसणार नाही.

पॉलिशसाठी छंदाच्या दुकानातल्या छोट्या ट्यूबऐवजी गाड्यांच्या अॅक्सेसरीजच्या दुकानातलं रबिंग कंपाउंड चालतं. क्लिअर पूर्ण वाळायला काही दिवस जाऊ द्या आणि मगच हात लावा.

मास्क: यात तडजोड नाही

या यादीतली एकच वस्तू अशी आहे की ती परवडत नसेल तर मी छंद पुढे ढकलायला सांगेन. रंगातले द्रावक वाफेच्या रूपानं फुप्फुसांत जातात. कोविडकाळात घराघरांत आलेला एन-९५ मास्क कण अडवतो, वाफ नाही. लागतो तो ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा अर्धा चेहरा झाकणारा रबरी मास्क, धुळीच्या फिल्टरसह साधारण बावीसशेचा. औद्योगिक सुरक्षेच्या साहित्याच्या दुकानात मिळतो. कार्ट्रिज उघडं ठेवलं तर हवेतली वाफ शोषून निकामी होतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मास्क घालूनही वास येऊ लागला की ते बदला.

फवारणी बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीपाशी करा. जवळ गॅस पेटलेला नको, देवघरातला दिवाही नको. लहान मुलं, गरोदर बाई किंवा दम्याचा माणूस घरात असेल तर वास जाईपर्यंत मधलं दार बंद ठेवा. काही जण आरशासारख्या चकाकीसाठी गाड्यांच्या गॅरेजमधला हार्डनर मिसळलेला क्लिअर वापरतात. त्यात आयसोसायनेट असतात, त्यांच्यामुळे कायमचा दमा जडू शकतो. घरात तो नको.

एअरब्रश कधी घ्यावा

नवखा माणूस पहिली चौकशी एअरब्रशची करतो. चांगला चालणारा ब्रश, टाकीसह कंप्रेसर आणि साफसफाईचं सामान मिळून चौदा हजारांच्या घरात जातं. स्वस्तातले बिनटाकीचे छोटे कंप्रेसर हवेचा दाब एकसारखा देत नाहीत, त्यामुळे फवारा अडखळतो. एअरब्रशनं एका बॉडीचा रंगखर्च बाराशेवरून पाचशेपर्यंत येतो. म्हणजे गाडीमागे सातशे वाचले आणि चौदा हजार वसूल व्हायला वीस गाड्या लागल्या. नोकरी सांभाळून वर्षाला चार-पाच गाड्या होत असतील तर चार ते पाच वर्षं. शिवाय प्रत्येक फवारणीनंतर तो खोलून धुवावा लागतो, आणि तो वेळ कुणी धरत नाही. पाच गाड्या कॅननं रंगवून झाल्या आणि ओढ कायम राहिली, तर जरूर घ्या. बाजारात न मिळणारी छटा स्वतः मिसळता येते, हा त्याचा खरा फायदा.

तर पहिल्या गाडीचं बिल असं होतं: किट तीन हजार, अवजारं, सिमेंट, टेप, ब्रश, बाटल्या आणि अल्कोहोल मिळून साधारण सव्वीसशे, तीन कॅन चोवीसशे, मास्क बावीसशे. बेरीज दहा हजारांवर थोडी. दुसऱ्या गाडीला नवं किट, रंगाचा एक कॅन, एक-दोन बाटल्या, ब्लेड आणि वॉटर पेपर, म्हणजे साडेचार हजारांच्या आत.

दहा हजार घालण्याआधी चाचपून बघायचं असेल तर आओशिमाची १/३२ मापाची स्नॅप किट बघा. त्यांत सुझुकी जिम्नी आहे. प्लॅस्टिकच रंगीत असतं आणि भाग सिमेंटशिवाय दाबून बसतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर बसायलाही हाच मार्ग बरा, सिमेंट आणि लॅकर त्यांच्या हातात देऊ नयेत. दुसरी वाट त्याहून स्वस्त आहे: हॉट व्हील्सची दोनशेच्या आतली गाडी घ्यायची, खालचे रिव्हेट ड्रिलनं काढायचे, रंग खरवडून नव्यानं रंगवायची. बिघडली तरी जीव हळहळत नाही आणि हात बसतो.

या छंदात सगळ्यात जास्त पैसा जातो तो न उघडलेल्या खोक्यांवर. सवलत दिसली की एक, बंद होणार असं ऐकलं की दुसरं, आणि वर्षभरात कपाटात वीस-पंचवीस हजारांचं प्लॅस्टिक साचतं. वेगळी चाकं, धातूचे सीटबेल्ट आणि कार्बन फायबरची डिकॅल असलेले जोडसंचही किटच्या किमतीला जाऊन भिडतात. पहिल्या तीन गाड्यांना त्यांची काही गरज नाही. एक गाडी फळीवर गेल्यावरच दुसरं खोकं घरात आणा.

सुरुवातीला जून-जुलै चांगला. किट घ्या, भाग घासा, सीट, डॅशबोर्ड आणि चाकं ब्रशनं रंगवा, बॉडी कोरीच ठेवा. पाऊस सरून हवा कोरडी झाली की ऑक्टोबरात कॅन आणि मास्क काढा आणि बॉडी रंगवा.