फाइल पूर्ण, गेम अर्धा

प्लेस्टेशन २ च्या जुन्या डिस्क जपणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: फाइलच्या आकारावर विसंबू नका. माझ्या काही डिस्कच्या प्रती मी एका दुकानातून करून घेतल्या होत्या. आयएसओ फाइल हवी तेवढी मोठी, पेनड्राइव्हवरून गेम चालवणाऱ्या ‘ओपन पीएसटू लोडर’मध्ये गेम सुरूही होई. पण बऱ्याच पुढे एका व्हिडिओपाशी स्क्रीन काळी पडे, दर वेळी तिथेच. चौकशी केल्यावर कळलं, ‘रीड एरर’ आला तरी न थांबण्याचा पर्याय दुकानात चालूच असतो. ओरखड्यामुळे जे वाचता आलं नाही, तिथे सॉफ्टवेअरनं मुकाट्यानं शून्यं भरली होती.

तो पर्याय बंद ठेवा. प्रत झाली की तिचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून निघणारा ओळख-आकडा, काढून अचूक प्रतींची नोंद ठेवणाऱ्या ‘रीडम्प’ या संकेतस्थळाच्या यादीशी ताडून पाहा. जुळला, तरच ती प्रत. नाही जुळला तर डिस्क मऊ कापडानं मधून कडेकडे पुसा, गोल फिरवू नका. वेग कमी करून दुसऱ्या ड्राइव्हवर वाचा. साधा डीव्हीडी ड्राइव्हही या डिस्क वाचतो. निळसर पाठीच्या डिस्क सीडी असतात. त्यांची माहिती लेबलच्या लगेच खाली असते, त्यामुळे वरच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. त्यांच्या प्रती आधी उरका.

चांगली प्रतही अडखळते, तेव्हा प्रतीला दोष देण्याआधी पेनड्राइव्ह तपासा. एफएटी३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, आणि फार तुकड्यांत विखुरलेली फाइल लोडर उघडत नाही; रिकाम्या ड्राइव्हवर नव्यानं कॉपी करा. कन्सोलचं यूएसबी जुन्या १.१ पद्धतीचं आहे, म्हणून व्हिडिओ अडखळतात. जाड मॉडेल असेल तर नेटवर्क अडॅप्टर लावून आत हार्ड डिस्क बसवणं मला सर्वांत भरवशाचं वाटतं.

मूळ डिस्क विकू नका. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ प्रोग्रामची बॅकअप प्रत करायची मुभा देतं, ती तो प्रोग्राम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला. उसन्या डिस्कसाठी तिच्यावर विसंबू नका.

आणि कुणाच्या माळ्यावर २००९ मधला, हैदराबादला घडवलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ किंवा कबड्डी, विटीदांडू असलेला ‘देसी अड्डा’ पडला असेल, तर परदेशी गेम नंतर. आधी त्याची प्रत काढा.