प्रतिरोधी राजयक्ष्मा व छातीचे क्ष-किरण चित्र : वैद्याने काय पाहावे?

राजयक्ष्म्याची साहस, वेगसंधारण, धातुक्षय व विषमाशन ही चार कारणे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातून आपणां सर्वांना पाठ आहेत. तथापि आज आपल्याकडे येणारा यक्ष्मारोगी बहुधा दोन-तीन ठिकाणची औषधे घेऊन, जुने क्ष-किरण चित्र पिशवीत घालून येतो. त्या चित्रावर किती विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रतिरोध कसा निर्माण होतो?
आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन या दोहोंना दाद न देणाऱ्या रोगास बहुऔषध-प्रतिरोधी क्षयरोग म्हणतात. सुमारे दहा लाख जंतूंमागे एक आयसोनियाझिडला, तर दहा कोटींमागे एक रिफाम्पिसिनला निसर्गतःच जुमानत नाही. फुप्फुसातील विवरात कोट्यवधी जंतू असतात. म्हणून एकटे औषध दिले वा औषध मध्येच सोडले की प्रतिरोधी जंतूच शिल्लक राहून वाढतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी डिसेंबर २०११ मध्ये अत्यंत प्रतिरोधी अशा चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी तिघांना अनेक खासगी डॉक्टरांकडून दुसऱ्या फळीची औषधे अनियमितपणे मिळाली होती.

चित्रातील लक्षणे
१) एकाहून अधिक, जाड भिंतीची विवरे
२) दोन्ही फुप्फुसांत पसरलेली विकृती
३) फुप्फुस आकसणे, श्वासनलिका रुंदावणे
४) नियमित औषध चालू असूनही विवर कमी न होणे वा नवे दिसणे

पूर्वी उपचार झालेल्या रुग्णात ही लक्षणे दिसल्यास प्रतिरोधाची शंका घ्यावी. परंतु शंका म्हणजे निदान नव्हे. साध्या क्षयातही विवरे होतात. उलटपक्षी, ज्यास प्रतिरोधी जंतूंचाच प्रथम संसर्ग झाला, त्याच्या चित्रात विवर नसूही शकते. प्रतिरोध सिद्ध होतो तो थुंकीच्या सीबीनॅट वा ट्रूनॅट तपासणीने व जंतुसंवर्धनानेच.

याचा अर्थ क्ष-किरण निरुपयोगी असा नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात आढळलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण क्ष-किरण तपासणीवाचून निसटले असते. चित्र रोग्याला शोधते. औषध कोणते, हे थुंकी सांगते.

एक अनुभव
काही वर्षांपूर्वी पिपरी मेघे येथील माझ्या चिकित्सालयात जिनिंगमध्ये काम करणारे एक गृहस्थ खोकल्यासाठी आले. पूर्वी क्षयाचा उपचार झाला होता. चित्रातील छाया मी जुना व्रण समजलो, खोकला कापसाच्या धुळीचा मानला व पाच आठवडे सितोपलादी चूर्ण व वासावलेह दिला. वजन घटले, थुंकीत रक्त आले, तेव्हा तपासणी केली; रिफाम्पिसिन-प्रतिरोध निघाला. जुने चित्र शेजारी ठेवताच दिसले की, जेथे पूर्वी केवळ रेषा होती तेथे आता विवर होते. ही तुलना पहिल्याच दिवशी करणे शक्य होते. त्या पाच आठवड्यांत त्यांची दोन नातवंडे त्याच खोलीत झोपत होती, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

आपले कर्तव्य
दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी व क्ष-किरण दोन्ही करावे. जुनी चित्रे मागवून तारखेनिशी तुलना करावी. निदानापूर्वी लेव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध देऊ नये; त्याने क्षय काही काळ झाकला जातो व पुढील उपचाराचे एक शस्त्र बोथट होते. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनास कळविणे बंधनकारक आहे. औषधविक्रेते बंधूंनी २०१४ पासून लागू असलेल्या एच-१ अनुसूचीनुसार चिठ्ठीवाचून ही औषधे देऊ नयेत व नोंदवही ठेवावी.

बृंहण आहार, अग्निरक्षण व धातुपोषण हे आपले सामर्थ्य आहेच. परंतु ते जंतुघ्न उपचाराच्या जोडीने वापरावे, त्याच्या जागी नव्हे. राजयक्ष्म्यात वाया गेलेला काळ रोग्याच्या घरातील सर्वांनाच भोवतो, याचे भान प्रत्येक वैद्याने ठेवावे.